टेकडीवरचा साहेबी शर्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का, मधेच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. काय झालं, माझी फजिती झाली. तशी ती अधूनमधून होतच असते, पण ही जरा महागातली होती. विषय आहे शर्टाचा. साधा शर्ट नाही हो! अमेरिकेहून आणलेला, खास जंगलात घालायचा शर्ट! किंमत विचारू नका. सांगितली तर तुमच्या नाकातून चहा येईल आणि इथे टेबलावर फडकं मारायला कोणी लवकर येत नाही.

मुळापासून सांगतो. मी चंद्रपूरचा. आणि पुण्यात चंद्रपूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाघ! हिंजवडीच्या आमच्या कंपनीत पहिल्याच दिवशी टीममधल्या पोरांनी विचारलं, "तुमच्याकडे घरासमोरून वाघ जातात का रे?" आता आमचं घर भर गावात, एसटी स्टँडच्या मागे. समोरून जायच्या त्या एसट्या. मी आयुष्यातला पहिला वाघ पाहिला तोसुद्धा पुढे लग्न झाल्यावर, बायकोबरोबर, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तिकीट काढून. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "जातात कधीकधी." झालं! तेव्हापासून ऑफिसात मी जंगलचा माणूस.

आयटीचे ते नव्या नवलाईचे दिवस होते. सारखं कोणीतरी अमेरिकेला जायचं, कोणीतरी परत यायचं, आणि येताना बदाम, चॉकलेटं आणि एखादं नवीन खूळ घेऊन यायचं. आमचा राहुल आला तो 'बुशक्राफ्ट' घेऊन आला. म्हणजे काय? म्हणजे जंगलात जाऊन असेल त्यावर भागवायचं. काडेपेटी परवडत असताना चकमक घासून आग पेटवायची, घर असताना फांद्यांचं खोपट बांधायचं, नळाला पाणी असताना ओढ्याचं उकळून प्यायचं. थोडक्यात, आपल्या मागच्या पिढ्यांनी जे नाइलाजाने केलं ते आपण हौसेने करायचं. टीमने ठरवलं, आपण सगळ्यांनी शिकायचं. शिकवणार कोण? अर्थात चंद्रपूरचा प्रशांत!

मग मी गुपचूप इंटरनेटवर वाचायला लागलो. तिथे शर्टावरून दोन तट पडलेले. एक म्हणे, जंगलात जायला महागडा शर्ट हवाच, घाम वाळतो, काटे लागत नाहीत, डास चावत नाहीत. दुसरा म्हणे, कसला शर्ट घेऊन बसलात, घरातला जुना सुती सदरा घाला आणि चालू लागा. मी दोन्ही बाजू अगदी शांतपणे वाचल्या आणि महागातल्या बाजूला गेलो. पगार नवीन होता हो!

राहुल पुन्हा अमेरिकेला गेला तेव्हा त्याच्याकडून शर्ट मागवला. काय शर्ट होता! गडद हिरवट खाकी रंग, खांद्यांवर बटणाच्या पट्ट्या, पाठीला वारा खेळायला झडपा, खिशाच्या आत खिसा, आणि छातीवर एका झाडाचा भरतकाम केलेला बिल्ला. मी तो घालून आरशासमोर उभा राहिलो आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

माझी बायको मंजिरी पुण्याची. तिने आधी विचारलं, "चॉकलेटं कुठायत?"

"शर्टामुळे बॅगेत बसली नाहीत म्हणाला."

"आणि हा घालून तू नक्की करणार काय?"

"आग पेटवणार."

"का? गॅसला काय झालंय?"

पण मंजिरीचं सोडा. खरा प्रश्न होता तिच्या वडिलांचा. नाना! भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आमच्या कर्वेनगरातच, दोन गल्ल्या सोडून राहायचे. बोलणं मोजकं, पण एकेक वाक्य असं की माणसाने घरी जाऊन रात्री पुन्हा मनाला लावून घ्यावं. माझ्याबद्दल त्यांची तक्रार काहीच नव्हती, आणि तेच मला टोचायचं. कोणी भेटलं की ओळख करून द्यायचे, "ही आमची मंजिरी. आणि हे कॉम्प्युटरमध्ये असतात." जसा काही मी त्या डब्यात राहतो! लग्नाला चांगली तीन वर्षं झाली होती. या माणसाने एकदा, फक्त एकदा, चारचौघांत मान वर करून म्हणावं की हे आमचे जावई, एवढीच माझी इच्छा होती. हसू नका, खरंच होती.

नानांनी शर्ट पाहिला. दोन बोटांत कापड धरलं. म्हणाले, "प्रशांतराव, खिसे बरेच दिसतात."

"हो नाना! सगळीकडे खिसेच आहेत."

"उत्तम. शर्ट घेतल्यावर त्यात ठेवायला काही उरलंय का?"

आतून मंजिरीचं हसणं ऐकू आलं. मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, "नाना, तुम्ही रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाताच. येत्या रविवारी जुन्या खाणीपाशी या. काडेपेटीशिवाय आग पेटवून तुम्हाला चहा पाजतो!"

नाना जरा थांबले. माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "खाणीपाशी? असं का. येतो की." आणि जाताजाता मुलीला म्हणाले, "मंजू, रविवारी थर्मास भरून ठेव गं."

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. त्या खाणीपाशी त्याआधीचे दोन रविवार मी सराव केला होता. तेव्हा शर्ट आला नव्हता, म्हणून कंपनीने फुकट दिलेला पिवळा टी-शर्ट घालून गेलो होतो. चकमक घासून घासून हात भरून आले, पण आग काही लागेना. शेवटी वैतागून खिशातली काडेपेटी काढली. गवत पेटलं, आणि असं पेटलं की बुटांनी तुडवून तुडवून विझवावं लागलं. दुसऱ्या रविवारीही तेच. काळे डाग मागे ठेवून मी घाईघाईने घरी आलो आणि मनाची समजूत घातली की शर्ट आला की जमेल. कसं जमणार होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

रविवार उजाडला. शर्ट चढवला. जाड तळव्यांचे बूट, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला चाकू, डोक्यावर हॅट. सोबत पातेलं, चहा, साखर आणि नारळाच्या शेंड्या. नाना यायच्या आत आग पेटलेली असावी म्हणून लवकर गेलो, खाणीच्या आडोशाला मांडी ठोकून बसलो आणि चकमक घासायला लागलो.

ठिणग्या पडायला लागल्या हो! भरपूर पडायला लागल्या! फक्त शेंड्यांवर एकही पडेना, सगळ्या माझ्या पोटावर. आणि तेव्हा मला त्या शर्टाचा एक गुण कळला, जो इंटरनेटवर दुसऱ्या तटाने सांगितला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. त्या कापडात नायलॉन होतं. ठिणगी पडली की कापड आक्रसायचं आणि तिथे वाटाण्याएवढं भोक! जंगलातल्या डासांना जे कापड दाद देत नव्हतं ते एका ठिणगीपुढे हात टेकत होतं. चार भोकं पडली तेव्हा मी चकमक खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातल्या काडेपेटीकडे हात नेला. एवढ्यात मागून आवाज आला.

"नमस्कार साहेब!"

मी मागे वळून पाहिलं, साहेब कुठे आहेत म्हणून. कोणीच नव्हतं. समोर दोन माणसं हात जोडून उभी. एक पांढऱ्या मिशांचे गोडबोले आणि दुसऱ्या पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या दामलेबाई. दोघांच्या खांद्यांना पाण्याचे रिकामे कॅन. टेकडीवर रोज येणाऱ्या निवृत्त मंडळींचं एक मंडळ आहे, त्यातली ही माणसं. खालून पाणी आणून रोपांना घालतात आणि टेकडीवर कोणी काय केलं यावर नजर ठेवतात.

"आलात! अखेर आलात!" गोडबोले म्हणाले. "वनखात्याने माणूस पाठवावा म्हणून आम्ही किती दिवस ओरडतोय!"

"बिल्ला बघा ना, झाडाचा," दामलेबाई त्यांना म्हणाल्या. "मी लांबूनच म्हटलं, फॉरेस्टचे आहेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोडबोल्यांनी विचारलं, "साहेब मूळचे कुठले?"

"चंद्रपूर."

काय सांगू! चंद्रपूर म्हटल्याबरोबर दोघांचे चेहरे उजळले. "अरे वा! म्हणजे खऱ्या जंगलातले!" गोडबोल्यांनी माझ्यासाठी एक दगड रुमालाने झटकला. "बसा साहेब, बसा!"

इथे मी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? अहो, पुण्यात येऊन मला इतकी वर्षं झाली, पण साहेब असं मला कोणी म्हटलं नव्हतं. रिक्षावाले तर माझ्याशी बोलतच नाहीत, नुसती मान हलवतात आणि तीही आडवी. इथे पेन्शनर माणूस माझ्यासाठी दगड झटकत होता! मी खोटं बोललो नाही, फक्त खरं बोलायला जरा वेळ लावला. आणि दगडावर बसलो.

"साहेब, इथे एक आग लावणारा फिरतोय," दामलेबाई आवाज खाली आणून म्हणाल्या.

मी पातेलं आणि शेंड्या हळूच दगडाआड सरकवल्या. "असं?"

"दोन रविवार झाले. सगळं गवत वाळलेलं, एक ठिणगी उडाली तर अख्खी टेकडी पेटेल. वर्षानुवर्षं जगवलेली झाडं आहेत ही! त्या माणसाला काही आहे का त्याचं?"

"कसा होता दिसायला?"

"जाडा. चष्मा. डोक्यावर केस बेताचेच."

मी हॅट आणखी खाली ओढली.

"आणि अंगात भडक पिवळा टी-शर्ट! मी ओरडले तर पातेलं घेऊन पळाला."

"चेहरा पाहिलात?"

"पाहिला की! कुठेही दिसू दे, लगेच ओळखेन," असं म्हणून दामलेबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे एकटक पाहिलं. आणि नाही ओळखलं हो! अंगात शर्ट होता ना! इतकी किंमत का होती ते मला त्या क्षणी पटलं.

मग पाहणी सुरू झाली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्यातला प्रकार! मलाच माझी राख दाखवली. मी वाकलो, चिमूटभर राख घेऊन बोटांत चोळली, वास घेतला. असं करतात हे मी टीव्हीवर पाहिलं होतं.

"एक मागच्या रविवारची आहे, एक त्याच्या आधीची," मी म्हटलं.

"बघा! चंद्रपूरची नजर!" गोडबोले दामलेबाईंना म्हणाले.

"माणूस नवखा आहे. काड्या बघा किती वापरल्यात."

"मूर्खच असणार," दामलेबाई म्हणाल्या.

"अगदी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं. "अगंबाई! साहेब, शर्टाला ही भोकं कसली?"

आता मात्र मी खोटं बोललो. कबूल करतो. जीभ टाळ्याला चिकटली होती, ती सुटली ती नको तिथेच गेली. "वणवा विझवताना पडली," मी म्हटलं.

दामलेबाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "आणि तरी तोच शर्ट घालून कामावर येता! खात्याने नवीन द्यायला नको?"

"खातं काय देणार!" गोडबोले उसळले. "साहेब, आमचं मंडळ देईल. साधा खाकी शर्ट तर आहे, लक्ष्मी रोडला असल्यांचे ढीग लागलेत. येताना सहज घेऊन येऊ!"

राहुलला दिलेला चेक डोळ्यांसमोर तरळून गेला. आणि नेमके तेव्हाच चढावरून नाना येताना दिसले. खांद्याला थर्मास.

पळायला जागा नव्हती. मागे खाण, पुढे सासरे.

"या नाना, या!" गोडबोल्यांनी हाक मारली. "हे फॉरेस्टचे नवीन साहेब. चंद्रपूरचे आहेत. वणवे विझवलेत यांनी!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बुटांपासून सुरुवात केली, चाकूपाशी थांबले, भोकं पाहिली, बिल्ला पाहिला, हॅटपर्यंत आले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग हात जोडून म्हणाले, "असं का! नमस्कार साहेब. आपलं नाव ऐकून होतो."

मला वाटलं, जमीन दुभंगून मी गडप होणार. पण नानांनी मला उघडं पाडलं नाही. शेजारच्या दगडावर बसले. आणि माझ्या लक्षात आलं की अरे, सासरे आपल्याला सांभाळून घेतायत! जावयाची अब्रू ती आपली अब्रू, असा विचार केला असणार. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं म्हणून सांगू! उगीच या माणसाला खडूस म्हणत होतो.

"साहेब," नाना म्हणाले, "मंडळाला एक विचारायचं होतं. हा आग लावणारा सापडला, तर त्याला शिक्षा काय करावी?"

सासऱ्यांनी सल्ला विचारला! मला! चारचौघांत! मी उभाच राहिलो. शर्ट खाली ओढला, छाती पुढे काढली.

"दंड करून उपयोग नाही," मी म्हटलं. "पैसे भरून माणूस मोकळा होतो. त्याला झाडाची किंमत कळायला हवी."

"वा!" दामलेबाई म्हणाल्या.

"त्याने दर रविवारी पायथ्यापासून पाण्याचे कॅन खांद्यावरून वर आणायचे. इथल्या एकूण एक रोपाला पाणी घालायचं. पावसाळा लागेपर्यंत. सबबी चालणार नाहीत!"

गोडबोल्यांनी टाळ्या वाजवल्या. नानाही मान डोलावत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बोलण्यावर मान डोलावली होती.

"उत्तम," नाना म्हणाले. "सगळ्यांनी नीट ऐकलं ना?"

"ऐकलं, ऐकलं!"

"मग आता साहेबांची ओळख करून देतो. पिवळ्या टी-शर्टातले ते हेच. टी-शर्ट आज मंजूने धुवायला टाकलाय."

दामलेबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि किंचाळल्या, "अय्या! हो की!"

"तुम्हाला माहीत होतं नाना?" माझा आवाज कुठून तरी लांबून आला.

"मागच्या रविवारी दामलेबाईंनी वर्णन सांगितलं तेव्हाच शंका आली. पण पुरावा नव्हता. मग आरोपीनेच चहाला बोलावलं."

"आणि वणवा?" गोडबोल्यांनी दुखावलेल्या आवाजात विचारलं. त्यांना शर्टाचं फारच लागलं होतं.

"विझवला, हे खरं आहे," नाना म्हणाले. "लावलाही यांनीच होता, एवढंच."

मी माफी मागितली. खरोखर मनापासून मागितली, कारण ती वाळलेली टेकडी आणि कॅन घेऊन उभी असलेली ती म्हातारी माणसं पाहून मला लाज वाटली होती. काहीतरी नवीन शिकतोय या धुंदीत आपण केवढा घोळ घातला असता, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं. मी पुटपुटलो, "दंड भरतो हवा तर."

"दंडाचा उपयोग नाही असं साहेब आत्ताच म्हणाले," नाना म्हणाले आणि गोडबोल्यांच्या खांद्यावरचा रिकामा कॅन माझ्यापुढे धरला. "साहेबांच्या निकालावर अपील नाही."

तर अशी माझी बुशक्राफ्टची सुरुवात झाली आणि तिथेच तिचा शेवट झाला. दर रविवारी मी खाली नळावर कॅन भरायचो आणि वर न्यायचो. ऑफिसच्या टीमला काय शिकवायचं हा प्रश्न होताच. मग एका रविवारी सगळ्यांना टेकडीवर बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात कॅन दिला. म्हटलं, जंगलात जगायचं असेल तर आधी जंगल जगवावं लागतं. पोरं भारावून गेली. राहुलने तर अमेरिकेत ई-मेल करून कळवलं म्हणे.

आणि शर्ट? दर रविवारी मी तोच घालायचो, आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? आणि खरं सांगू, या कामाला त्याच्यासारखा शर्ट नाही! पाणी सांडलं की वर पोचेपर्यंत वाळतो. कॅनचा पट्टा खांद्यावरून घसरू नये म्हणून ती बटणाची पट्टी अशी काही उपयोगी पडते की बास. अमेरिकन माणसाने शर्ट शिवला जंगलवाल्यासाठी, पण निघाला तो पाणक्यासाठी. आगीपाशी मात्र जुना सुती सदराच घाला, हे माझं भोकं पडून झालेलं मत आहे.

पुढे पाऊस लागला, शिक्षा संपली. तरी मी जातच राहिलो. का म्हणाल तर मला आवडायला लागलं होतं. चढ चढून वर गेलं की वारा लागतो, गोडबोले जुने किस्से सांगतात, आणि मी पाणी घातलेल्या रोपांना नवी पालवी दिसली की दामलेबाई मलाच हाक मारून दाखवतात. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं तसे कॅन पुन्हा सुरू झाले. नाना आणि मी बरोबरच टेकडी चढायचो. नाना बोलायचे नाहीत फारसं, पण बरोबर चालायचे, हे काय थोडं झालं?

अशाच एका रविवारी मी चिखलाने भरलेल्या शर्टात, भोकांतून बनियन दाखवत, रोपांभोवती आळी करत बसलो होतो. आमच्या भागात नव्याने राहायला आलेल्या एक बाई थांबल्या. बराच वेळ माझं काम बघून म्हणाल्या, "अहो माळीबुवा, हात चांगला आहे तुमचा. आमच्या सोसायटीच्या बागेला माणूस हवाय. रविवारी जमेल का?"

मी काही बोलायच्या आत मागून नानांचा आवाज आला. करडा, खणखणीत. "माळी नाहीत ते. आमचे जावई आहेत."

ऐकलंत? आमचे जावई! चारचौघांत! आणि मान वर करून! माझ्या हातातलं खुरपं खाली पडलं. ऊर असा भरून आला की मला त्या मातीतच लोळावंसं वाटलं.

बाई ओशाळल्या. "सॉरी हं, मला कल्पना नव्हती."

"असू दे," नाना म्हणाले. "रविवारी ते इथे असतात. शनिवारी पाठवतो."

आणि मी काय केलं असेल? चिडलो? रुसलो? छे हो! मी उठलो, हात झटकले आणि बाईंना विचारलं, "नळ बागेतच आहे ना?"